मडमेची चूल

अंगण माणसांनी तुडुंब भरलं होतं आणि मधोमध केसरबाई विझल्या राखेसारखी बसली होती. तिला आता कशाचीच आच लागत नव्हती.

राजुऱ्याकडच्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावातून तिच्या नवऱ्याने, लटारूने, इंग्रजांच्या काळातली लोखंडी कोळशाची चूल आणली होती. थंडीत तिच्या उबेला निजलेला लटारू उठलाच नाही. काल लेक रंभा तिथेच कोसळली. मांत्रिक पत्रूमहाराजाने तिला अंगणात आणवलं, लिंबू कापलं, अंगारा लावला. पोरीने डोळे उघडले. गाव धन्य झालं.

"चुलीत मडम बसली हाये!" महाराज गरजला. "इंग्रजीत रागावते! आज चूल पेटवा अन् पोरीले दार लावून तिच्यापुढं बसवा. मडम खूश, घर खूश!"

"महाराज, तिले तुमचा मंतर समजते का?" म्हाताऱ्या मुखरूने विचारलं.

"चूप! मंतराले भाषा नसते."

केसरबाईने मान डोलावली आणि चुलीत कोळसे पेटवले. रंभा आत गेली. दार लागलं.

बऱ्याच वेळाने लस टोचायला आलेल्या डॉक्टर कमला मेश्राम गर्दी पाहून थांबल्या. हकिगत ऐकताच त्यांनी दार ढकललं. रंभा भिंतीशी लुळी पडली होती. त्यांनी तिला ओढत अंगणात आणलं. लिंबू नाही, अंगारा नाही; फक्त उघडी हवा. हळूहळू पोरगी कण्हली, "माय, डोकं दुखून राह्यलं..."

"माहाच मंतर लागला!" महाराज ओरडला.

"मंग तुम्ही बसा आत, दार लावून," डॉक्टर म्हणाल्या. " मडम तुमच्या वळखीची हाये."

महाराजाला एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

रंभाला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपायला सांगून डॉक्टरांनी चुलीमागे पाहिलं. "केसरबाई, हे धुराचं नळकांडं छपराबाहेर काऊन नाई काढलं?"

"माळ्यावर मक्याचं बियाणं हाये, बाई. धुरानं कीड लागत नाई. सासूच्या चुलीचा धूरही तिथीच कोंडत होता. मीच रंभाच्या बापाले म्हटलं, आतच सोडा."

"लाकडाचा धूर डोळ्याले झोंबते, माणूस बाहेर पळते. लाल कोळशाचा विषारी वायू दिसत नाई, त्याले वासही नाई. अंगणात पोर शुद्धीवर आली ती हवेनं." त्या गर्दीकडे वळल्या. "माणूस पडलं तर आधी दार उघडा. मंग इचारा, काऊन पडलं. हे इचारणं पाप नाई."

केसरबाई शिडी चढली. कौलं बाजूला सारून तिने नळकांडं मोकळ्या आभाळात ढकललं. तिचे डोळे कोरडेच होते.

"मंग मडम कुठी गेली?" खालून कुणीतरी विचारलं.

"मडम नव्हतीच, भाऊ," ती म्हणाली. "गेला तो घरचा माणूस होता."