रिकामा नसलेला फोल्डर

केरळातल्या चंगनाश्शेरीच्या औसेप माषांना, म्हणजे मास्तरांना, स्वच्छतेचं असं वेड होतं, की त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पाय पुसून घरात येत. निवृत्तीनंतर घरात झाडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माष संगणकाकडे वळले.

संगणक खरा त्यांच्या बायकोचा, ऐलीकुट्टीचा. अर्धांगवायूनं तिची वाचा नेली, तेव्हा मुलानं, साजूनं, पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. ती एका बोटानं अक्षरं दाबी आणि संगणक बोले. आवाज साजूचाच, मल्याळमचं एकेक अक्षर स्वतः उच्चारून त्यानं त्या आवाजाचं पॅकेज बनवलं होतं. पुढं साजू अपघातात गेला. तेव्हापासून आई मुलाच्या आवाजात नवऱ्याला झापी, आणि तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून माष मुद्दाम मासळीच्या कालवणात मीठ जास्त घालत.

एका सकाळी माषांना दिसलं, की संगणकात पायथॉन दोन आहेत. एक जुना, एक नवा.

"एका घरात दोन दोन कशाला?"

ऐलीकुट्टीचं बोट चाललं. "माष, हात लावू नका," साजूचा आवाज म्हणाला.

"तू गप्प बस गं. शाळेतले सगळे संगणक मीच सांभाळले."

माषांनी जुना काढायचा हुकूम सोडला. सोबत हेही जाईल, तेही जाईल, चालेल का, असं संगणकानं विचारलं. यादी एवढी लांब, की वाचेपर्यंत दारच्या रोपाला नारळ लागले असते. माषांनी 'हो' दाबलं. शेवटी एक तक्रार आली: जुन्याचा फोल्डर काढला नाही, तो रिकामा नाही.

"कचरा असणार," म्हणत माषांनी तोही पुसून टाकला.

संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर काळ्या पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

दुरुस्तीवाला पौलोस आला आणि डोक्याला हात लावून बसला. "माषे, अख्खं घर त्या जुन्यावर उभं होतं. तुम्ही जोतं उपसलंत आणि वर फरशी पुसलीत!"

"परत येईल ना रे?"

"घर येईल."

दुपारपर्यंत पॅकेजं उतरली, पडदा उजळला, प्रोग्रामही उघडला. ऐलीकुट्टीनं बोट टेकवलं. आवाज आला नाही.

"बाकीची पॅकेजं साऱ्या जगाची, नेटवरून आली," पौलोस हळूच म्हणाला. "साजूचं फक्त त्या फोल्डरात होतं."

"पुसलेलं निघतं म्हणतात ना?"

"त्याच जागेवर मी सकाळपासून एवढं सगळं उतरवलंय, माषे."

त्यानं दुसरा एक आवाज बसवून दिला, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा. ऐलीकुट्टीनं एक अक्षर दाबलं, ऐकलं आणि हात मांडीवर घेतला.

संध्याकाळी माषांनी कालवणात मूठभर मीठ ओतलं. जिभेला लावता येईना असं झालं. ताट तिच्यापुढं ठेवून ते समोर बसून राहिले.

ऐलीकुट्टीनं ते सगळं खाल्लं. पाणीसुद्धा मागितलं नाही.