चोपन्न पायऱ्या

“तिसरा मजला,” गृहनिर्माण कार्यालयाच्या खिडकीआडच्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. “इमारत सात, गाळा चौदा. इथे सही करा.”

पद्मजाने कुबडी भिंतीला टेकवली आणि कागद पुन्हा वाचला. मागे रांगेत चुळबुळ चालली होती.

“तळमजला नाही का मिळणार?” तिच्या भावाने, प्रभाकरने विचारलं. “हिच्या पायाला...”

कारकून उद्धवरावांनी मान वर केली. कुबडी पाहिली, साडीखालून दिसणारा, पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरचा जड बूट पाहिला. त्यांचा आवाज जरा उतरला.

“साहेब, ही सोडत आहे. चिठ्ठीत निघेल ते. अर्जात पायाचा रकानाच नाही, तर मी काय करणार? तळमजल्यावरचं कोणी राजी झालं तर आपसात बदलून देता येईल. हा फॉर्म घ्या. दोघांच्या सह्या लागतील, दोन महिन्यांच्या आत.”

प्रभाकर तिच्याकडे वळला. “सोडून दे, पद्मा. माझ्या घरात तुला काय कमी आहे?”

कमी काहीच नव्हतं. तिसऱ्या वर्षी पोलिओने डावा पाय नेला, तेव्हापासून आई-वडिलांनी आणि नंतर दादाने तिला सांभाळलं होतं. आता ती छत्तीस वर्षांची होती. पिंपरीच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसून तिला अकरा वर्षं झाली होती. चिंचवडच्या त्या घरात तिला कोणी वाईट शब्द बोललं नव्हतं. फक्त गेल्या मार्गशीर्षात भाचीला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा सुमेधावहिनी तिच्या कॉटवर येऊन बसली होती.

“पद्मा, रविवारी तू मैत्रिणीकडे जाशील का गं? लोक उगीच घराण्यात काय काय आहे ते विचारत बसतात.”

बोलताना वहिनीचेच डोळे भरले होते. पद्मजा “हो” म्हणाली. जिच्याकडे दिवसभर जाऊन बसावं अशी मैत्रीण तिला नव्हती. सुट्टी असून ती कारखान्यात गेली आणि दुसरीच्या पाळीत, बोर्डाशेजारच्या स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. भाचीचं लग्न ठरलं. पद्मजाने सोमवारी गाळ्याचा अर्ज भरला.

तिने उद्धवरावांकडून पेन घेतलं आणि सही केली.

तळमजल्यावर चार गाळे होते. पहिल्या दोघांनी दारातूनच मान हलवली. तिसऱ्याने चहा पाजला, तिची खूप कीव केली आणि नाही म्हटलं. चौथ्या गाळ्यात शालनबाई भेटल्या. याच गावच्या, साठीच्या पुढच्या. त्यांचं शेत या वसाहतीखाली गेलं होतं, त्याबदल्यात त्यांना हा गाळा मिळाला होता.

पद्मजाचं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्यांनी हात पुढे केला. “आना तो कागूद. कुटं आंगठा लावू? आमाला काय बाई, पाय हायेत धडधाकट. वर तर वर.”

पद्मजाने शाईची डबी उघडली. इतक्यात आतून शालनबाईंचे मालक, लक्ष्मणराव, भिंतीला हात लावत बाहेर आले. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच ठरत नव्हती.

“कोन आलंय गं?”

“वरल्या बाई हायेत. जागा बदलायची म्हनतात. तुमी बसा.”

लक्ष्मणरावांनी दाराची चौकट चाचपली. “बदला की. माजं काय न्हाई. सकाळचं तेवढं मागं बांधावर जाऊन बसतो. दारापासनं चाळीस पावलं. आपल्याच शेताचा बांध हाय, पायाला ठावं हाय. वरनं उतरायचं म्हंजे मंग...”

“गप बसा वो. मी न्हेईन की हाताला धरून.”

“व्हय, न्हेशील,” ते म्हणाले आणि भिंत चाचपत आत गेले.

पद्मजाने डबीचं झाकण लावलं. फॉर्मची घडी केली.

“मावशी, बाकीच्यांना विचारून बघते आधी. कोणीतरी तयार होईल.”

“कुनी झालं न्हाई तर माघारी या हां, बाई. आमी हाय.”

“येईन,” ती म्हणाली.

गाळा चौदापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या. कठडा एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला. उतरताना तो डावीकडे यायचा आणि डाव्या हातात कुबडी. त्यामुळे तिला चढण्यापेक्षा उतरायची धास्ती जास्त वाटे. भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवावा असा तिने अर्ज केला. इमारतीच्या मूळ नकाशात तो नाही, असं उत्तर आलं. संडासात धरून उठता यावं म्हणून तिने गवंड्याकडून भिंतीत पाइप बसवून घेतला, तर भिंतीला भोकं पाडल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. तिने खुलासा लिहून पाठवला.

सकाळी साडेसहाला खाली, संध्याकाळी पाचला वर. एकदा वर गेली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वरच. रविवारी ती उतरतच नसे. प्रभाकर सुरुवातीला दर रविवारी येई, मग महिन्याने, मग सणाला. शेजारी भले होते. जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून उभे राहत, ती पुढे गेली की भराभर निघून जात. दुसऱ्या मजल्यावर बारसं झालं, खाली भोंडला झाला. तिला नंतर कळे. “तुम्हाला कशाला उगीच त्रास, म्हणून बोलावलं नाही हो,” बायका मनापासून सांगत. खिडकीत बसून ती खालची गाणी ऐके. तिला सगळी पाठ होती.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, एका संध्याकाळी चढताना कॅलिपरची पट्टी गुडघ्यापाशी तुटली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. दारं बंद होती. आत भांड्यांचे, रेडिओचे आवाज येत होते. दिवसभर बोर्डावर शेकडो माणसांशी बोलणाऱ्या तिला एक हाक मारता येईना. कोणी येईल म्हणून ती बसून राहिली. नळाचं पाणी येऊन गेलं.

मग खालून कोणीतरी एकेक पायरी चाचपत वर येताना दिसलं. लक्ष्मणराव होते.

“बाई, हितं हाय का?”

“आहे, काका.”

ते आवाजाच्या रोखाने येऊन शेजारी बसले. त्यांना दम लागला होता. “रोज ऐकतो ना मी. खण्ण, टप. खण्ण, टप. चोपन्न येळा. आज सत्तावीसवर थांबलं. म्हनलं, दम खात आसंल. पर लई येळ झाला. ही बाजारातनं आली न्हाई अजून, मंग म्हनलं आपुनच बगावं.”

पद्मजाने कुबडी बाजूला सरकवली.

“हाक का न्हाई मारली?”

“कोणाला मारू, काका?”

 लक्ष्मणरावांनी हाताने जिन्याची फरशी चाचपली.

“हितं गव्हाचं वावर व्हतं आमचं,” ते म्हणाले. “पर एवढ्या उंच कदी आलो न्हवतो.” थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “तुमी त्या वक्ताला परत आलाच न्हाई तो कागूद घेऊन. का न्हाई आला, ते मला म्हाईत हाय.”

शालनबाई बाजारातून येईपर्यंत दोघं तिथेच बसून होती. मग शालनबाईंच्या खांद्यावर भार टाकून पद्मजा वर गेली.

पुढच्या वर्षी श्रावणात लक्ष्मणराव गेले. तेराव्यानंतर शालनबाई गाळा चौदामध्ये आल्या, उंबऱ्यातच बसल्या. “मी लेकीकडं दिघीला चालले. आता एकटीनं न्हाई राहवत. खालची जागा तुमी घ्या, बाई. चला, कुटं आंगठा लावायचा तिथं लावते.”

दोघी रिक्षाने कार्यालयात गेल्या. उद्धवरावांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी नियमांची वही दोनदा चाळली.

“आपसात बदलायची मुदत दोनच महिन्यांची होती. आजी जागा सोडतायत, म्हणजे ती पुन्हा सोडतीत जाणार. आणि ताई, तुम्हाला गाळा आधीच मिळालेला आहे. तुमचं नाव सोडतीत बसत नाही.” मग वही मिटून ते म्हणाले, “तेव्हाच का नाही आणल्या सह्या? मी लगेच केलं असतं.”

“राहून गेलं,” पद्मजा म्हणाली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती कामावरून आली, तेव्हा शालनबाईंच्या रिकाम्या गाळ्यासमोर टेम्पो उभा होता. नंदकिशोर नावाचा तरुण आणि त्याची बायको लोखंडी कपाट उतरवत होते. जिन्याचं तोंड कपाटाने अडलं होतं. दोघांनी घाईघाईने ते बाजूला ओढलं.

“या ना, ताई, सावकाश. कितव्या मजल्यावर राहता?”

“तिसऱ्या.”

“अरे वा! वर हवा छान येत असेल.”

“येते.” ती हसली. “नळाला पाणी सहाला येतं. भरून ठेवा आधी.”

ती पहिल्या वळणापर्यंत जाईतो दोघं आदराने थांबून राहिली. मग खाली भिंतीत खिळे ठोकायला सुरुवात झाली. घाव जिनाभर घुमत होते, त्यात तिचं पाऊल तिलाही ऐकू येईना. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. दम घेतला. कठड्यावरचा हात पुढे सरकवला आणि चढू लागली.