उजवं दार

विद्याधर सबनीसांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुरुस्तीला बाहेर दिली नव्हती. विमानांच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस मिक्सरवाल्याच्या दारात जाणार कसा? घरातला पंखा, शेजाऱ्यांची इस्त्री, सोसायटीची पाण्याची मोटर, सगळं ते स्वतः उघडत आणि बहुतेक वेळा पुन्हा बंदही करत. ह्यांना स्क्रू दिसला की हात शिवशिवतात, असं सुलभाताई चारचौघांत सांगायच्या. तेव्हा ते कौतुक होतं.

आज सकाळी अकराला ते बेंगळुरूच्या के. आर. पुरमच्या मागे, मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात तेच हात पाठीमागे बांधून उभे होते. समोर त्यांच्या मुलीची गाडी होती. तीन महिन्यांपूर्वी ऋचा मारतहळ्ळीहून ऑफिस सुटल्यावर घरी येत होती. रिंग रोडवर गाडीला मागून कुणीतरी ठोकलं, उजव्या अंगाला घासून तो पळाला, आणि गाडी दुभाजकाला भिडून थांबली. पुढून धूर यायला लागला. पोरीला फारसं लागलंही नव्हतं. लोक धावले, बाकीची दारं लॉक होती म्हणून तिच्या बाजूचं उजवं दार ओढायला लागले, ते उघडेना. आतून तीही हँडल ओढत होती, असं एका डिलिव्हरीवाल्याने पोलिसांना सांगितलं. काच फोडून तिला बाहेर काढेपर्यंत धुराने आपलं काम केलं होतं. पोलिसांच्या कागदावर आलं, धडकेमुळे दार अडकले. विम्याचं काम मिटलं आणि गाडी हिंडत हिंडत इथे आली.

ते वाक्य विद्याधररावांनी शंभरदा वाचलं होतं. पण लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. अपघाताच्या आठ महिने आधी विद्याधररावांनी ते दार उघडून आत स्वतःच्या हाताने एक तार बांधली होती.

आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते. ती प्लॅस्टिकच्या चिमुकल्या क्लिपेत बसते. क्लिप तुटली आणि प्रत्येक खड्ड्याला दार खडखडायला लागलं. बेंगळुरूत खड्ड्यांना काय तोटा! नवी क्लिप कुठल्याही दुकानात मिळाली असती, पण विद्याधररावांचा प्लॅस्टिकवर विश्वास नव्हता. विमानात बोल्ट सैल होऊ नये म्हणून तो पोलादी तारेला पीळ घालून जखडतात. त्या कामात त्यांचा हात असा बसलेला की नवी पोरं मुद्दाम बघायला यायची. तसाच पीळ घालून त्यांनी सळई बांधली, टोक आत वळवलं, खडखड थांबली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर मारुतीसुद्धा माणसाचं रक्षण करतो.

तार मधे आली होती का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नसेल आली तर उरलेले दिवस कसेबसे निघतील. आली असेल तर सुलभाला तोंडावर सांगायचं, मग ती काय म्हणेल ते म्हणो. तीन महिन्यांत तिने तारेचा विषय एकदाही काढला नव्हता, आणि ते न काढणंच त्यांना खात होतं. आज ती हट्टाने बरोबर आली होती. फाटकातून गाडी दिसली मात्र, ती तिथेच थांबली. यार्डाच्या मालकाने तिला आपल्या खोलीत पंख्याखाली बसवलं.

त्या दारासाठी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून ते काढायला यार्डातला देवाप्पा आला. पन्नाशीचा, निपाणीकडचा, हातात पहार. विद्याधरराव हिंदीत समजवायला लागले, तर त्याने तुमचं मराठी चालतंय की, म्हणून त्यांना मोकळं केलं. पहार नको, गॅसचा कटर नको, आतलं कुलूप आहे तसं दिसलं पाहिजे, एवढीच अट त्यांनी घातली. असं कुणी मागत नाही. भंगारातलं दार लोकांना बाहेरून चकचकीत हवं असतं, आत काय आहे ते कोण बघतो? पण देवाप्पाने कारण विचारलं नाही. डावी दोन्ही दारं कधीच विकली गेली होती. त्या मोकळ्या बाजूने तो आत सरकला आणि काजळी धरलेल्या सीटवर गुडघे टेकून बंद दाराचं आतलं आवरण सोडवायला लागला.

विद्याधरराव वाकून बघत होते. गाडीत अजून धुराचा वास होता. स्क्रू निघाले, आवरण सुटलं, मागचा प्लॅस्टिकचा कागद देवाप्पाने हलक्या हाताने सोलला. त्याने आत मोबाइलचा उजेड टाकला आणि तो थांबला.

"हे कुणी केलंय वो अण्णा? लई देखणा हात हाय बगा. कारखान्यातला मानूस असनार."

विद्याधररावांना आयुष्यभर अशा शब्दांची भूक होती. ते म्हणाले, "हँडल ओढून बघ."

देवाप्पाने ओढलं. हँडल बोटभर आलं आणि अडलं. त्याने पुन्हा ओढलं, मग डोकं आत घालून बघितलं. बाहेरचा पत्रा माराने थोडा आत आला होता. तेवढ्याने सळई सरकली होती आणि पिळाचं वळवलेलं टोक पत्र्यातल्या भोकाच्या कडेत जाऊन बसलं होतं. ओढावं तितकं घट्ट, आतून काय नि बाहेरून काय. पोलादी तार ती, तुटायचं नाव कशाला घेईल? विद्याधररावांनी देवाप्पाला बाजूला सरायला सांगितलं, स्वतः आत हात घातला आणि हँडल ओढलं. एकदा, दोनदा, मग अंगातली होती नव्हती ती ताकद लावून. ऋचाने किती वेळा ओढलं असेल, हा विचार त्यांना आवरता आला नाही.

देवाप्पाने त्यांचा हात धरून बाहेर काढला. पकडीने तार तोडली, हँडलला बोट लावलं. टक. कुलूप सुटलं आणि ते दार, जे एवढ्या माणसांना उघडलं नव्हतं, आपल्याच वजनाने हातभर उघडलं.

"दाराला काय बी झालं न्हवतं की," देवाप्पा बोलून गेला. मग त्याने वर पाहिलं. विद्याधररावांच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून त्याला सगळं कळलं असावं. त्याने एकच विचारलं, आत कोण होतं. मुलगी, ते म्हणाले. देवाप्पाने तारेचा तुकडा उचलून खिशात टाकला.

पुढचं काम दोघांचं होतं. विद्याधररावांनी दाराचं वजन तोलून धरलं, देवाप्पाने वायरीचा जोड सोडवून बिजागऱ्यांचे बोल्ट काढले. दार त्यांच्या छातीवर आलं. दोघांनी ते गोणपाटावर उभं करून गाडीला टेकवलं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं विद्याधररावांना त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

आवाज थांबला म्हणून सुलभाताई बाहेर आल्या. नवऱ्याला न विचारता त्यांनी देवाप्पाला विचारलं, दार कशाने अडकलं होतं.

"मार बसून, अक्का," देवाप्पा म्हणाला. "पत्रा आत आलता. मला बी सोपं गेलं न्हाई."

सुलभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विद्याधररावांनी तोंड उघडलं. ठरवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं, आणखी एका श्वासाचं काम होतं. पण त्याआधी सुलभाताईच बोलल्या, इतक्या हळू की देवाप्पालाही ऐकू गेलं नसेल.

"मीच मागे लागले होते, त्या खडखडीचं काहीतरी करा म्हणून. तुम्ही उद्या क्लिप आणू म्हणत होता. मीच म्हटलं, कशाला, तुमची तार आहे ना. तीन महिने मी... ती तार तर नव्हती ना हो मधे?"

विद्याधररावांना यातलं काही आठवत नव्हतं. आपणच बांधली, आपल्याच हौसेने बांधली, एवढंच ते धरून बसले होते. खरं सांगितलं तर ते एकट्याच्या अंगावर येणार नव्हतं.

"नव्हती," ते म्हणाले.

सुलभाताई मटकन टायरांच्या ढिगावर बसल्या आणि रडायला लागल्या. तीन महिन्यांत त्या अशा रडल्या नव्हत्या, मोकळ्या. मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि पुण्याला आपल्या बहिणीला लावला. अगं आसावरी, तार नव्हती गं, मार बसूनच अडकलं होतं. ह्यांनी स्वतः उघडून पाहिलं. पोलिसांचं सोड, ह्यांची नजर कधी चुकत नाही. असं बरंच काही, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा उजळत गेला.

एवढ्यात यार्डाचा मालक एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. दार बघून गिऱ्हाईक खूश झालं. देवाप्पा काहीतरी बोलायला पुढे झाला, पण मालक सुलभाताईंच्या पाठीमागे दाराशी वाकलाही होता. कुलपाची जीभ बोटाने आत दाबून तो हँडल ओढून गिऱ्हाइकाला दाखवायला लागला. टक. पुन्हा दाबलं, पुन्हा ओढलं. टक.

सुलभाताईंनी फोन नवऱ्यापुढे धरला. "ती म्हणते, भावजींच्या तोंडून ऐकायचंय."

विद्याधररावांनी फोन कानाला लावला. मागे पुन्हा टक झालं, आणि सुलभाताई मान वळवायला लागल्या, तसे ते घाईघाईने, मोठ्याने बोलायला लागले.

"हो, आसावरी, मी स्वतः पाहिलं. घट्ट बसलं होतं. कुणालाच उघडलं नसतं."