मिडियमचं माप

कारखान्यात तिला सगळे मिडियम म्हणत. गणवेश शिवण्याचं काम. कुठलाही नवा नमुना आधी तिच्या अंगावर चढायचा. मास्तर टाचण्या लावत. ती हात वर करी, वाके, बसे आणि कुठं ओढतंय, कुठं फुगतंय ते सांगे. त्यावरून मधलं माप ठरे, मग बाकीची. "आपली चालतीबोलती फूटपट्टी," मास्तर पाहुण्यांना सांगत.

गेल्या हिवाळ्यात ही फूटपट्टी अंथरुणातून उठेनाशी झाली. वेणी घालायलाही हात वर जाईना. "आळस, दुसरं काय," नवरा म्हणाला. नणंदेनं मात्र भावाचं ऐकलं नाही. हिला हाताला धरून मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. झोप लागू लागली, भूक लागू लागली, ती मास्तरांशी पुन्हा हुज्जत घालू लागली. आणि कंबर वाढली.

"काय गं, मिडियमची लार्ज होतेस की काय?" शिलाईवरच्या बायका खिदळल्या. तीही हसली. मास्तर हसले नाहीत. तिच्या कमरेभोवती फीत पुन्हा एकदा फिरवून म्हणाले, "बघ बाई. मालक हल्ली प्लास्टिकच्या पुतळ्याची चौकशी करतायत."

आपली जागा पुतळ्याला जाणार, हे तिनं ओळखलं. डॉक्टरांना विचारलं असतं तर कदाचित औषध बदलून मिळालं असतं. पण कमरेच्या घेरापायी त्यांचं डोकं कुठं खायचं, असं म्हणून ती गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये सोडू लागली. नणंदेनं फोनवर विचारलं की म्हणे, "घेते की!"

वजन उतरलं. जो तो कौतुक करू लागला. नवऱ्यानंसुद्धा मान वर करून पाहिलं. "आता कशी पहिल्यासारखी दिसतेस!" दिसत होती खरी. डबा मात्र न उघडता घरी परत जाई. बसमध्ये आपला थांबा मागे पडल्याचं तिला फार पुढं गेल्यावर उमगे. आंघोळ म्हणजे डोंगर चढणं झालं होतं.

त्याच दिवसांत एका रुग्णालयातल्या नर्सच्या गणवेशाचं काम आलं. फीत कमरेला बरोब्बर बसली. मास्तर खूश.

"हात वर कर. मुंढ्यात ओढतंय? बाहीच्या जोडाशी?"

"ठीक आहे."

"वाक. पाठीत?"

"ठीक आहे."

"आज भांडण नाही? म्हणजे माझा हात बसला म्हणायचा!" असं म्हणत मास्तरांनी सगळा माल कापायला सोडला.

तो सगळा परत आला. सलाइनची बाटली टांगायला हात वर केला की काखेत शिवण उसवत होती.

मास्तरांनी त्यातलाच एक गणवेश तिला घालायला लावला आणि फीत धरली. माप चोख होतं. "माप बरोबर, मग बिनसलं कुठं? कर हात वर."

तिनं केला. कापड काखेत ताणून रुतलं.

"ओढतंय?"

हो म्हटलं तर तेव्हा का बोलली नाहीस, हा प्रश्न येणार. नाही म्हटलं तर पुन्हा तोच घोळ. पण तिनं मनापासून शोधून पाहिलं. कापड होतं, अंग होतं, आणि दोहोंच्या मध्ये काहीतरी जाड, बधिर.

"मला कळत नाहीये, मास्तर."

"म्हणजे?"

"काहीच कळत नाहीये. बरेच दिवस झाले."

"एवढं तर पुतळाही सांगेल!" मास्तर भडकले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी जीभ चावली. टाचण्यांची डबी बंद केली. "उतरव तो. आज शिलाईवरची कुणीतरी उभी राहील."

"आणि माझी जागा?"

"मालकांना काय सांगायचं ते मलाच अजून ठाऊक नाही. उगाच खोटा धीर देत नाही तुला."

कपडे बदलून ती जिन्यात गेली आणि तिनं नणंदेला फोन लावला.

"वन्सं, गोळ्या बंद केल्यात मी."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "काय? अगं, परवा तर घेते म्हणालीस!"

"खोटं बोलले. मापात बसायचं होतं."

"बये, जळो ते माप! कुठं आहेस आत्ता?"

"जिन्यात."

"एकटीच? मग बस तिथंच. जागची हलू नकोस. डॉक्टरांना फोन करते आणि निघते."

ती पायरीवर टेकली. फक्त बसून राहायचं होतं. आज तेवढं तिला जमण्यासारखं होतं.