थ्री सीटर, दोन जागा भरलेल्या

भुसावळच्या हेमलता बऱ्हाटेने ऑनलाइन घेतलेला जुना सोफा टेम्पोतून उतरला, तेव्हा त्याच्या डाव्या जागेवर एक बाई बसलेली होती. मांडीवर पर्स, पायात घरातल्या सपाता. हमालांनी तिला सोफ्यासकट उचलून गॅरेजात आणून ठेवलं. वजन भरलं म्हणून थोडे पैसे वाढवून मागितले, एवढंच.

"तुम्ही कोण?" हेमलताने विचारलं.

"कुंदा सरोदे. मी सोफ्यात आहे. ह्यांनी सांगितलं नाही का?"

हेमलताने विकणाऱ्याला फोन लावला. सरोदे बदली होऊन नाशिकला गेले होते, सामानाची आवराआवर चालली होती.

"मॅडम, जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. आहे त्या स्थितीत."

"बाई आहे असं नव्हतं लिहिलं."

"फोटो नीट बघा."

तिने जाहिरातीतला फोटो उघडून पाहिला. डावी गादी दबलेली दिसत होती. त्या दबलेपणावरून तिने स्वतःच भाव पाडून घेतला होता. आता तोंड उघडायला जागा नव्हती. तिने फोन ठेवला आणि चहा टाकायला वर गेली.

हा धंदा हेमलताने स्वतःच्या डोक्याने उभा केला होता. नवऱ्याचं घर सोडून ती एका बॅगेनिशी माहेरी आली, तेव्हा धाकट्या भावाने, धनराजने, तिला वरची खोली दिली. भुसावळ बदल्यांचं गाव. रेल्वेच्या क्वार्टरमधली बिऱ्हाडं आज आहेत, उद्या नाहीत, आणि कुलर, दिवाण, पिठाची गिरणी काही सगळ्यांबरोबर जात नाही. हेमलता ते सामान घ्यायची, पुसायची, स्क्रू आवळायची, चांगल्या उजेडात फोटो काढायची आणि मोबाइलवर विकायला टाकायची. खोटं एक अक्षर लिहायची नाही. 'दार घासतं, पण बंद होतं.' 'आवाज करतो, गार करतो.' लोक जळगावहून, मलकापूरहून यायचे. गॅरेज मात्र धनराजचं होतं. त्याची गाडी रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी असायची. "गॅरेज तुझंच आहे ग ताई," तो म्हणायचा, "फक्त गाडीला ऊन लागू राहिलं."

हेमलताने कुंदाताईंना दोन्ही हात धरून ओढून पाहिलं. सोफा पुढे आला. कुंदाताई होत्या तिथेच राहिल्या.

"कधीपासून असं?"

"पाहुणे आले की मी उठायचे, चहा करायचे," कुंदाताई म्हणाल्या. "एकदा पाहुणे आले आणि मी उठले नाही. त्यानंतर उठताच आलं नाही."

"मग तुमच्या ह्यांनी काय केलं?"

"चहा केला. पांचट झाला. मग बदली झाली."

हेमलताने सवयीप्रमाणे खरी जाहिरात लिहिली. 'थ्री सीटर, सागवानी पाय, कापड शाबूत. डाव्या जागेवर कुंदाताई. बोलतात.' गिऱ्हाइकं आली. यावलहून आलेल्या एका नवरा-बायकोने विचारलं, बाईसकट किती आणि बाई सोडून किती. एका सावद्याच्या गृहस्थाने आधी फोम दाबून पाहिला आणि मग त्याच बोटांनी कुंदाताईंचा दंड दाबला.

"जुन्या आहेत, पण टिकतील. पोळ्या येतात का?"

"येतात," कुंदाताई म्हणाल्या. "करणार नाही."

गृहस्थ हेमलताकडे वळला. "मग उपयोग काय?"

"सोफा बसायला असतो," हेमलता म्हणाली. "त्या बसल्यात."

पुढे एक जुन्या फर्निचरचा व्यापारी आला. त्याच्याबरोबर करवत होती. डावी जागा कापून टाकली तर टू सीटरला चांगलं गिऱ्हाईक आहे, म्हणाला. हेमलता त्या करवतीकडे बघत राहिली. तिला महिनाभर एकही वस्तू विकता आली नव्हती. सोफ्यामुळे गॅरेजात दुसरं काही मावत नव्हतं, आणि रोज सकाळी सोफा आदल्या दिवसापेक्षा थोडा रुंद झालेला असायचा. कपाटं भिंतीला चेपली होती. कुलर तिने बाहेर काढून ठेवले होते.

"काप," कुंदाताई म्हणाल्या. "मी खुर्ची होईन. पण उठणार नाही."

"जा तुम्ही," हेमलता व्यापाऱ्याला म्हणाली. तो करवत विसरून जात होता. तिने ती त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी धनराज खाली आला. गॅरेजचं शटर आता सोफ्याला घासत होतं.

"ताई, हे काय करू राहिली तू? लोक हसू राहिले. आज हे बाहेर काढ. त्या बाईला ऊठ म्हण."

"त्यांना उठता येत नाही."

"मग भंगारवाल्याला बोलवतो. तू वर जा, चहा ठेव, आपण बसून बोलू."

लग्नाआधी बापाच्या पाहुण्यांसाठी, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि माहेरी परत आल्यावर भावाच्या, असा हेमलताने पुष्कळ चहा ठेवला होता. तिने ओढणी खांद्यावर नीट घेतली.

"आधी बसते," ती म्हणाली, आणि सोफ्याच्या मधल्या जागेवर बसली.

गादी उबदार होती. थोड्या वेळाने ती उबदार वाटेनाशी झाली, कारण ती आणि हेमलता एकाच उबेच्या झाल्या होत्या. हेमलताने डावा पाय उचलून पाहिला. सोफ्याचा एक पाय उचलला गेला. तिने तो खाली ठेवला.

"चहा?" धनराज म्हणाला.

"पातेलं ओट्यावर आहे."

धनराज उभाच राहिला. उजवीकडची जागा रिकामी होती, पण गादीचा स्पर्शही होऊ नये म्हणून तो पँट सावरून उभा होता. त्याने खिशातून मोबाइल काढला, दोघींचा फोटो घेतला आणि वर निघून गेला. वरून पातेल्याचा आवाज आला नाही.

थोड्याच वेळात हेमलताच्या मोबाइलने तिला 'तुमच्या जवळच्या वस्तू' म्हणून एक जाहिरात दाखवली. 'थ्री सीटर. दोन जागा भरलेल्या, एक मोकळी. ताबडतोब काढायचा आहे. येईल त्या भावात.'

तिने ती कुंदाताईंना वाचून दाखवली.

"भाऊ ना तुझा?"

"हो."

"माझ्या माणसाने निदान भाव तरी लिहिला होता," कुंदाताई म्हणाल्या.

हेमलताची कानशिलं तापली. विकायला काढलं याचं तिला फारसं वाटलं नाही. पण नाव नाही, गाव नाही, काय शाबूत आहे त्याचा उल्लेख नाही. तिने असा निष्काळजी मजकूर मोडक्या स्टुलासाठीसुद्धा कधी लिहिला नव्हता. तिने जाहिरातीखाली टाइप केलं: 'मी घेते.' आणि पैसे पाठवून दिले. वर धनराजच्या फोनची घंटी वाजली. तो जिन्यावरून पळतच आला.

"तू कशी घेशील?"

"घेतला. बघ, जमा झाले."

"अगं, तू त्याच्यावर बसलेली आहेस!"

"माझ्या सोफ्यावर मी बसले आहे. त्यात काय झालं?"

धनराजने मोबाइल पाहिला, सोफा पाहिला, पुन्हा मोबाइल पाहिला. व्यवहार पुरा झाला होता. "मग घेऊन जा इथून," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "उचलून न्यायची जबाबदारी घेणाऱ्याची असते."

"ते मला शिकवू नको."

हेमलताने नेहमीच्या टेम्पोवाल्याला, रशीदभाईंना, फोन केला. रशीदभाईंनी येऊन सोफ्याभोवती एक फेरी मारली, दोऱ्या काढल्या आणि विचारलं, "ताई, कुठं उतरवायचा?"

हेमलताने कुंदाताईंकडे पाहिलं.

"नाशिकला," कुंदाताई म्हणाल्या. "पत्ता मला पाठ आहे. त्या फ्लॅटचं बुकिंग माझ्याच पैशांनी झालं होतं."

सोफा उघड्या टेम्पोत चढला. गॅरेजबाहेर येताच तो पुन्हा आपल्या मूळ मापाचा झाला. रशीदभाईंनी दोघींच्या पायांवर रजई टाकली आणि रिकाम्या जागेवर काही ठेवलं नाही. टेम्पो हलला तेव्हा धनराज गॅरेजच्या मधोमध उभा होता. त्याच्या चारी बाजूंना जागाच जागा होती आणि तो गाडी आत घ्यायला जात नव्हता.

जळगाव गेलं, धुळं गेलं. नवऱ्याच्या घरातून माहेरी परतताना हेमलता एसटीत सबंध वाट उभी होती. बसा म्हणायला कोणी नव्हतं. आता ती बसून चालली होती. वाऱ्याने तिचे केस सुटले. ते तिने बांधले नाहीत. पहाटे मालेगावला रशीदभाईंनी वर चहा आणून दिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती आणि कुंदाताई बशीत फुंकर मारून चहा पीत होत्या.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या.

टोलनाक्यावर एकाने विचारलं, "माल काय आहे?"

"सोफा," रशीदभाई म्हणाले.

"आणि ह्या?"

"सोफाच. पावती द्या."

नाशिकच्या इमारतीत लिफ्टमध्ये सोफा मावला नाही. हमालांनी तो जिन्याने चढवला. प्रत्येक वळणावर दोघी भिंतीला हात लावून 'जरा उजवीकडे, आता सरळ' असं सांगत होत्या. सरोद्यांनी दार उघडलं. हातात ऑफिसची बॅग होती. काही बोलायच्या आत हमालांनी सोफ्याची रिकामी बाजू आत ढकलली. मोकळी जागा घरात गेली, हेमलता बरोबर चौकटीत आली, आणि तिथे सोफा अडकला. कुंदाताई बाहेर जिन्याकडे राहिल्या. हमालांनी जोर लावला. चौकट करकरली, सोफा हलला नाही. मागेही येईना. रशीदभाईंनी कपाळ पुसलं आणि हमालांना घेऊन ते खाली गेले.

"हा मी विकलाय," सरोदे म्हणाले. "परत आणता येणार नाही."

"परत नाही आले," कुंदाताई बाहेरून म्हणाल्या. हेमलताच्या खांद्यावरून त्यांना खोलीचा एक तुकडा दिसत होता. "भाव करायला आले."

"कशाचा?"

"आतल्याचा."

हेमलताने धंद्याच्या नजरेने खोली पाहिली. शिसवी कपाट, काचेचं टीपॉय, फ्रिज, आणि प्लॅस्टिक न काढलेला एक नवा सोफा, ज्याच्यावर कोणी बसल्याची खूण नव्हती. "हे सगळं कोणी निवडलं?"

"मी," कुंदाताई म्हणाल्या. "नवा सोफा सोडून."

"मॅडम, वाट सोडा," सरोदे म्हणाले. "मला ऑफिसला जायचंय."

"या की. वरून या," हेमलता म्हणाली.

सरोद्यांनी बूट काढले. बॅग काखेत धरली. सोफा ओलांडायचा तर आधी रिकाम्या जागेवर पाय द्यावा लागणार होता. त्यांनी पाय उचलला. गादीच्या वर वीतभर तो थांबला. त्यांनी खाली पाहिलं, कुंदाताईंकडे पाहिलं, आणि पाय मागे घेऊन जमिनीवर ठेवला. मग ते मागे सरत गेले आणि कपाटाला पाठ टेकून उभे राहिले.

"कुंदा, तू ऊठ ना," ते म्हणाले. "एकदाच ऊठ. मी चहा करतो."

"करा," कुंदाताई म्हणाल्या. "आम्ही दोघी आहोत."

ते जागचे हलले नाहीत. जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं की सोफा विकायचा आहे का. "नाही," हेमलता मागे न बघता म्हणाली. "हा माझा आहे." तिने मोबाइल बाहेर काढला, काच ओढणीने पुसली आणि खोलीवर धरला. उजेड खिडकीतून चांगला येत होता. टीपॉय आलं, फ्रिज आला. कपाटाचं मधलं दार मात्र सरोद्यांमुळे झाकलं जात होतं.

"साहेब, जरा डावीकडे व्हा," ती म्हणाली. "कपाट पूर्ण येत नाही."

सरोदे डावीकडे सरकले. कपाटही त्यांच्याबरोबर सरकलं.