बाबाचा वाघ

"आई वाघ होते. तू नुसता वाचतं." खुशीने बाबाच्या हातातलं पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चार वर्षांचा ओम आईला हाका मारत रडू लागला.

रामधन राठोड राळेगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. बारा वर्षं माईकवर गाड्या पुकारून त्याचा आवाज सपाट झाला होता. वाघ, ससा, म्हातारी, सगळे यवतमाळच्या गाडीसारखेच सुटायचे. बायको उज्ज्वला नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तेव्हापासून पोरांची शाळा, डबे, तापसुद्धा त्याने निभावला होता. एवढं झोपवणंच जमेना. जेवता जेवता तो उठायचा, अंगणात फेऱ्या मारत वाघाची वाक्यं पुटपुटायचा. शेवटी रविवारी तांड्यावर आईकडे गेला.

"याडी, तू वाघाचा आवाज कसा काढत होती?"

बसंतीबाई हसली. "आवाज कायले पाह्यजे? पुस्तकातून मुंडकं वर काढ. पोराच्या डोळ्यात पाह्य. ते भ्यालं, का गप बस जराक."

त्या रात्री गोष्टीतला वाघ झुडपामागे आला आणि रामधन थांबला. जीभ नुसती वळवळत होती. गप्प बसायची तिला सवयच नव्हती. ओमचं मुसमुसणं थांबलं. मग रामधन इतकं हळू बोलला, की ऐकायला दोघंही सरकत त्याच्या मांडीशी आली. पुढे म्हातारीला खोकला लागला, ससा बोबडं बोलू लागला.

दिवाळीला उज्ज्वला आली. जेवणं होताच तिने अंथरुणावर पुस्तक उघडलं.

"चला, आज मी वाघ!"

"तू नको," ओम म्हणाला. "बाबाचा वाघ पाह्यजे."

तिचं बोट पानावरच राहिलं. रामधनला कुठे पाहावं कळेना. त्याने पुस्तक घेतलं आणि मुद्दाम पूर्वीसारखं घडाघडा वाचू लागला.

"बाबा, नीट सांग ना!" खुशी ओरडली.

"उज्ज्वला, तूच सांग. मले नाही जमत."

"जमते तुम्हाले," ती म्हणाली. "सांगा. मलेही आयकू द्या."

ती ओमच्या पलीकडे आडवी झाली. रामधनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वाघाने झेप घेतली तसा ओम दचकला. उज्ज्वलाने झटकन हात पुढे केला. पण ओम कधीच रामधनच्या सदऱ्यात शिरला होता. तिने हात मागे घेतला, आणि ओमच्या उघड्या पायांवर चादर ओढली.