बबनरावाची सोनेरी फ्रेम

अठ्ठ्याहत्तर साली बबनरावानं नागपूरहून सोनेरी फ्रेम आणली, तेव्हा अर्धं तळेगाव ती पाहायला लोटलं. कडेनं द्राक्षांचे घोस, कोपऱ्यांत पंखवाली गुबगुबीत पोरं आणि सगळ्यावर झगमग मुलामा. त्याच्या आईला, देवकाबाईंना, पाहूनच शिसारी आली. पुढारी झाल्यापासून पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरात बसायला दोन धड खुर्च्या नाहीत, अन् भिंतीला दागिने!

फ्रेम होती बापाच्या चित्रासाठी. अण्णाजी गेले त्याच्या आदल्या वर्षी नत्थूजी पेंटरनं ते रंगवलं होतं. अंगणात खुर्चीवर अण्णाजी, बाजूला उभ्या देवकाबाई. दोघांचं एकत्र असं तेवढंच. लग्नात फोटो काढायची ऐपत होती कुणाची?

पण चित्र निघालं रुंद अन् फ्रेम अरुंद. शहाण्यानं माप न घेताच आणली होती. दुसऱ्या कुणी फ्रेम बदलून आणली असती. यानं बायकोला कात्री आणायला लावली.

"अबे बबन्या, काय करून राह्यला?" देवकाबाई ओरडल्या.

"माय, बाबाच्या फोटोले हार घालाचा हाय. तू तं जित्ती हायेस. जित्त्या मानसाले हार घालते का कोनी? अपशकुन होते."

वा रे वा! माप चुकलं हे कबूल करवत नाही, अन् एकदम आईच्या जिवाची काळजी! देवकाबाईंच्या डोळ्यांदेखत कात्री चालली आणि नवऱ्याशेजारच्या त्या कापल्या गेल्या.

वर्षश्राद्धाला वर्ध्याहून साहेब लोक आले. जो तो फ्रेमचंच कौतुक करत होता. अण्णाजींकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका साहेबानं तेवढा चष्मा सावरला.

"बबनराव, खुर्चीच्या पाठीवर हा हिरव्या बांगड्यांचा हात कुणाचा?"

बबनराव फिदीफिदी हसला. "पेंटरची गलती हाय साहेब. पुसून घेतो."

देवकाबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रे खाली आदळून त्यांनी आपला हात पोराच्या नाकासमोर धरला.

"हा घे. पूस."

"माय, पाहुने हायेत..."

"असू दे. बांगड्या तं तुह्या बापासंगं गेल्या. राह्यला हात, तो बी पुसून टाक."

देवकाबाईंनी फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे उपटून चित्र बाहेर काढलं आणि रिकामी चौकट त्याच्या हातात कोंबली.

"लटकव आता. साहेबांले हेच पाहाचं होतं."